नाताळ, समुद्रकिनारा आणि एक न झालेला खून



वैशाखाच्या या उकाड्यात, हातातल्या विषयपत्रिकेचाच पंखा करून, विलायतेतल्या थंडीची हकीकत ऐकायला आपण एवढ्या संख्येने जमलात, याचे श्रेय वक्त्याचे नव्हे हे मी जाणतो. ते श्रेय पत्रिकेत छापलेल्या 'खून' या दोन अक्षरांचे आहे. हाच वक्ता 'इंग्लंडातील जमीनमहसुलाची पद्धत' या विषयावर बोलणार असता, तर पुढच्या चार रांगा कार्यवाहांना आपल्या नातेवाइकांनी भरून काढाव्या लागल्या असत्या. तेव्हा माणसाला खुनाची गोष्ट आवडते, हे सिद्ध करण्यासाठी मला इतिहासाची साक्ष काढण्याचे कारण नाही. मला विचारायचे आहे ते थोडे निराळे. खुनाची गोष्ट, आणि तीही ऐन सणात, हसतखेळत, एखाद्या प्रेमप्रकरणाच्या सोबतीने वाचण्याची चाल इंग्रज समाजात कशी पडली?

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी मरणाची गोष्ट काढली, तर घरातली वडीलधारी बाई 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून त्याला दटावते. इंग्रजांचा नाऱ्या मात्र नेमका मांडवात बसूनच आगीची गोष्ट सांगतो, आणि सारे घर त्याला आणखी सांग म्हणून आग्रह करते. ही चाल समुद्रकाठच्या तीन गावांच्या आश्रयाने कशी वाढली, आणि १९२६ सालच्या डिसेंबरात ती एका जिवंत बाईच्या दुःखावर कशी उलटली, एवढीच हकीकत आज मला सांगायची आहे.

प्रथम तिथला ऋतू ध्यानात घ्या. डिसेंबरात इंग्लंडात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. बाहेर धुके नाही तर चिखल. शेतावर काम नाही, अंगणात बसणे नाही. अशा वेळी सारे कुटुंब शेगडीभोवती जमते आणि कोणीतरी भुताची गोष्ट सांगू लागतो. पाठीला गारठा आणि तोंडाला ऊब, अशा अवस्थेत भीती मोठी गोड लागते. या जुन्या सवयीला छापखान्याची जोड दिली ती चार्ल्स डिकन्स याने. १८४३ साली डिसेंबरात त्याचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे छोटे पुस्तक निघाले. त्यात कंजूष म्हाताऱ्याला वळणावर आणण्याचे काम भुतांनीच केले आहे. पुढे १८५० पासून १८६७ पर्यंत डिकन्स आपल्या साप्ताहिकाचा नाताळानिमित्त खास अंक काढीत असे. आपल्याकडे 'मनोरंजन'कार का. र. मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिची ही विलायती भावकी म्हणावयास हरकत नाही. फराळाबरोबर वाचन हवे, ही भूक दोन्हीकडे सारखीच.

डिकन्सच्या १८६० सालच्या नाताळ अंकात समुद्रकाठच्या पहिल्या गावाशी आपली गाठ पडते. डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर क्लोव्हेली नावाचे एक कोळ्यांचे गाव आहे. ते इतक्या उभ्या चढावर वसले आहे की त्याच्या मुख्य रस्त्यावरून गाडी जाऊच शकत नाही. सामान वाहायला गाढवे लागत. डिकन्स आणि त्याचा मित्र विल्की कॉलिन्स हे दोघे ते गाव पाहून आले आणि त्यांनी इतरांच्या मदतीने 'अ मेसेज फ्रॉम द सी' ही कथा रचली. एक अमेरिकन कप्तान समुद्रात सापडलेल्या बाटलीतला कागद घेऊन या गावात येतो. त्या कागदामुळे असा संशय उभा राहतो की, एका तरुण कोळ्याच्या बापाने मागे ठेवलेले पाचशे पौंड चोरीचे असावेत. बिचाऱ्याचे लग्न ठरलेले. पण चोरीच्या पैशावर संसार कसा मांडायचा, म्हणून लग्न अडते. शेवटी गूढ उकलते, बुडाला म्हणून ज्याच्यासाठी रडून झाले होते तो भाऊ जिवंत परततो आणि लग्न लागते. या कथेत खून नाही. पण नाताळ, समुद्र, विनोद, प्रेम आणि गूढ असे पाच पदार्थ एका ताटात वाढलेले आहेत. ताटात मीठ तेवढे कमी होते.

ते मीठ पुढच्या पिढीत एका डॉक्टराने घातले. गाव पुन्हा समुद्रकाठचेच. पोर्टस्मथ बंदरालगत साउथसी येथे १८८२ साली आर्थर कॉनन डॉइल या तरुण डॉक्टरने दवाखाना थाटला. हवा उत्तम असल्यामुळे लोक फारसे आजारी पडत नसत की काय कोण जाणे, पण रोगी थोडे आणि सवड भरपूर अशी त्याची स्थिती होती. त्या सवडीत १८८६ साली त्याने 'अ स्टडी इन स्कार्लेट' लिहिली आणि शेरलॉक होम्स जन्माला आला. प्रकाशकाने सगळे हक्क मिळून पंचवीस पौंड दिले, आणि ही कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध झाली ती 'बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल' या एक शिलिंग किमतीच्या नाताळ वार्षिकात. त्याच अंकात घरच्या दिवाणखान्यात करण्याजोगी दोन नाटुकलीही होती. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्त पोलिसाने पहिल्यांदा दर्शन दिले ते नाताळच्या मौजेच्या सामानात, हौशी नाटकांच्या शेजारी बसून! पुढे १८९२ च्या जानेवारीत 'स्ट्रँड' मासिकात त्याची एक नाताळकथा आली. तीत चोरीचे रत्न सापडते ते मेजवानीच्या हंसाच्या पोटात. आणि सण क्षमेचा आहे म्हणून होम्स रडणाऱ्या चोराला सोडून देतो. गुन्हा, हसू आणि क्षमा यांची सोयरीक येथे पक्की झाली.

आता येथे एक शंका येईल. नाताळचे ठीक, पण या गोष्टींना समुद्रकिनारा पुन्हा पुन्हा का लागतो? त्याचे उत्तर समाजाच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजी खेड्यात, आपल्या खेड्याप्रमाणेच, प्रत्येकाला प्रत्येकाचे कूळ, मूळ आणि कर्ज ठाऊक असे. रेल्वे आली आणि किनाऱ्यावरची गावे हवापालटाची ठिकाणे बनली. डेव्हनच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाला १८४८ साली रेल्वे पोचली. तिथली हवा सौम्य, म्हणून क्षयाचे रोगी, निवृत्त अधिकारी आणि श्रीमंत विधवा हिवाळ्यातही तेथे येऊन राहू लागल्या. मोठमोठी हॉटेले उठली. हॉटेलात माणसाची ओळख म्हणजे काय? तर तो नोंदवहीत स्वतःच्या हाताने जे नाव लिहील तेवढीच. शेजारच्या टेबलावरचा सभ्य गृहस्थ खरोखर सभ्य आहे की नाही, हे त्याच्या कपड्यांवरून ठरवायचे. प्रेम जमायला आणि फसवणूक व्हायला याहून सोयीची जागा कोणती? ही हॉटेलची नोंदवही जरा लक्षात ठेवा. ती पुढे आपल्याला लागणार आहे.

याच टॉर्कीत १५ सप्टेंबर १८९० रोजी अॅगाथा मिलर या मुलीचा जन्म झाला. वडील अमेरिकन, सुखवस्तू आणि कामधंद्याचे ओझे नसलेले. ती अकरा वर्षांची असताना ते वारले आणि घराला ओढाताण जाणवू लागली. तेव्हापासून मायलेकी नाताळसाठी मँचेस्टरजवळच्या अॅब्नी हॉल या वाड्यात, थोरल्या बहिणीच्या सासरी जात. मोठे घर, पाहुण्यांची दाटी, जेवणाची लयलूट. त्या नाताळाची चव या मुलीच्या जिभेवर आयुष्यभर राहिली.

१९१२ साली एका नाचाच्या मेजवानीत तिची आर्चिबाल्ड ख्रिस्ती या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी ओळख झाली. या आर्चीचा जन्म आपल्या त्या वेळच्या हिंदुस्थानातला, पेशावरचा. त्याचे वडील येथल्या मुलकी सेवेत होते. ओळखीचे प्रेम झाले, आणि पैशाअभावी लग्न लांबत राहिले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले. आर्ची फ्रान्समध्ये विमानदलात गेला. डिसेंबरात थोडी रजा मिळाली आणि २४ डिसेंबर १९१४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन येथे दोघांनी घाईघाईने लग्न उरकले. वधूच्या अंगावर नेहमीचाच कोट आणि स्कर्ट. त्या रात्री दोघे आगगाडीने टॉर्कीला येऊन समुद्रकाठच्या ग्रँड हॉटेलात उतरली. नाताळचा एक दिवस घरच्यांबरोबर गेला आणि दुसऱ्याच दिवशी नवरा पुन्हा आघाडीच्या वाटेला लागला. तो परत येईल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. समुद्र, नाताळ, प्रेम आणि मृत्यूची सावली ही चारही एकत्र आली ती अशी, कादंबरीत येण्याआधी तिच्या आयुष्यात.

युद्धकाळात टॉर्कीच्या नगरमंदिरात इस्पितळ निघाले होते. अॅगाथाबाई तेथे प्रथम शुश्रूषेच्या कामावर आणि मग औषधालयात लागल्या. १९१७ साली औषधे तयार करण्याची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. भोवती बाटल्याच बाटल्या; अर्ध्या बऱ्या करणाऱ्या, अर्ध्या मारणाऱ्या, आणि पुष्कळशा मात्रेप्रमाणे दोन्ही करणाऱ्या. शिकवणारा एक औषधविक्रेता तर खिशात क्युरारे या विषाचा खडा घेऊन हिंडे. तो जवळ असला की आपण बलवान आहोत असे वाटते, असे कारण तो सांगे! हा माणूस बाईंच्या डोक्यातून पुढे कित्येक वर्षे गेला नाही. गावात त्या वेळी बेल्जियमचे निर्वासित येऊन राहिले होते. त्यांच्यावरून एक नीटनेटका, मिशाळ, अहंमन्य बेल्जियन गुप्त पोलीस सुचला. थोरल्या बहिणीने तुला रहस्यकथा जमायची नाही म्हणून डिवचले होतेच. अशा रीतीने १९१६ साली 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' लिहून झाली. अनेक प्रकाशकांनी ती साभार परत केली. अखेर १९२० साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडात ती निघाली. औषधविक्रेत्यांच्या व्यवसायपत्राने विषाचे ज्ञान बिनचूक आहे म्हणून शाबासकी दिली. प्राप्ती किती झाली म्हणाल, तर पंचवीस पौंड. डॉइलसाहेबांना मिळाले होते तेवढेच. चौतीस वर्षांत खुनाचा बाजारभाव एका पैनेही चढला नव्हता!

येथपर्यंतची हकीकत गमतीची झाली. आता जी सांगायची आहे ती सांगताना मला थोडे जपून बोलावे लागेल.

१९२६ सालच्या वसंतात बाईंची आई वारली. टॉर्कीचे जुने घर आवरण्याचे काम एकट्या लेकीवर पडले. त्याच उन्हाळ्यात आर्चीने, जो आता कर्नल झाला होता, आपले मन दुसरीवर बसल्याचे आणि घटस्फोट हवा असल्याचे सांगितले. ३ डिसेंबरच्या रात्री बाई सनिंगडेलच्या आपल्या घरून मोटार घेऊन निघाल्या. सकाळी ती मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरच्या टेकडीवर बेवारशी सापडली. आत फरचा कोट होता, बाई नव्हत्या.

आणि मग साऱ्या देशाने एक खेळ मांडला. हजाराहून अधिक पोलीस आणि सुटीच्या दिवशी सहलीसारखे आलेले हजारो नागरिक ती माळराने तुडवू लागले. वरून विमाने फिरली, तळ्यात गळ टाकले गेले. एका दैनिकाने शंभर पौंडांचे बक्षीस लावले. बाई वेषांतर करून कशा दिसतील याची चित्रे छापून आली. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रालाही ही बातमी पहिल्या पानावर घ्यावीशी वाटली. होम्सचे जनक डॉइलसाहेब तोवर परलोकविद्येच्या नादी लागले होते. त्यांनी बाईंचा एक हातमोजा मिळवून तो एका माध्यमापुढे ठेवला. डॉरथी सेयर्स या दुसऱ्या रहस्यकथालेखिका स्वतः जागा पाहून आल्या. सरेचे पोलीस अधिकारी केनवर्ड यांचे मत असे की बाई हयात नाहीत आणि प्रेत जवळपासच असावे. मग संशय कोणावर? अर्थात नवऱ्यावर. त्याच्यावर पहारा बसला. नाताळ तीन आठवड्यांवर आलेला, पात्रे तयार, प्रेमप्रकरण तयार, संशयित तयार. फक्त प्रेत तेवढे मिळायचे राहिले होते.

ते मिळाले नाही, कारण बाई जिवंत होत्या. १४ डिसेंबर रोजी उत्तरेकडील हॅरोगेट या आरोग्यस्नानांच्या गावी एका हॉटेलात त्या सापडल्या. तिथल्या वाद्यवृंदातील लोकांनी त्यांना ओळखले होते. त्या पाहुण्यांत मिसळत, पत्ते खेळत, नाचगाण्यात भाग घेत. हॉटेलच्या नोंदवहीत त्यांनी नाव लिहिले होते 'मिसेस तेरेसा नील', आणि गाव दक्षिण आफ्रिकेतले. नील हे आडनाव त्या दुसऱ्या तरुणीचे होते. नवऱ्याने स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. लोकांना ते पुरेसे वाटले नाही. कोणी म्हणाले, पुस्तक खपवण्याची युक्ती. कोणी म्हणाले, नवऱ्याला फासावर लटकावण्याचा डाव. शोधाचा खर्च कोणी भरायचा म्हणून कुरबुर झाली. प्रेत न निघाल्याबद्दल जणू लोकांची थोडी निराशाच झाली होती.

मंडळी, त्या अकरा दिवसांत बाईंच्या मनात काय होते याचा निकाल आज येथे लावण्याचा माझा विचार नाही. मला त्या गर्दीविषयी बोलायचे आहे. ती माणसे दुष्ट नव्हती. चाळीस वर्षे नाताळच्या अंकातून गूढ उकलण्याची सवय लागलेली ती माणसे. समोर आई गमावलेली आणि संसार मोडलेली एक छत्तीस वर्षांची बाई आहे, हे त्यांना दिसले नाही, तर एक कोडे दिसले. कथेतले प्रेत कोणासाठी रडायला लावीत नाही, म्हणूनच ती कथा शेगडीपाशी बसून वाचता येते. ती सूट आपण जिवंत माणसाच्या बाबतीत घेऊ लागलो की करमणुकीचा अन्याय होतो.

१९२८ साली घटस्फोट झाला. १९३० साली बाईंनी मॅक्स मॅलोवन या उत्खननशास्त्रज्ञाशी विवाह केला आणि तो सुखाचा झाला. आश्चर्य हे की इतके झाल्यावरही त्यांनी खून, समुद्र, नाताळ, प्रेम आणि हसू यांच्याकडे पाठ फिरवली नाही. १९३२ च्या 'पेरिल अॅट एंड हाउस'मध्ये आणि १९४१ च्या 'ईव्हल अंडर द सन'मध्ये समुद्रकाठची हॉटेले आहेत, आणि वाळूवर सूर्यस्नान करणाऱ्या उघड्याबोडक्या मंडळींत टापटिपीचा पोशाख करून बसलेला पाय्‌रो आहे. १९३८ च्या डिसेंबरात 'हर्क्युल पाय्‌रोज ख्रिसमस' आले. मेहुण्याने तक्रार केली होती की तुझे खून हल्ली फार सोवळे होतात, जरा रक्त वाहू दे. म्हणून हे पुस्तक त्यालाच अर्पण केले आहे! त्यात एका जुलमी श्रीमंत म्हाताऱ्याचा खून होतो, तो नाताळच्या आदल्या दिवशी. स्वतःच्या लग्नाचाच हा दिवस. प्रकाशकांनी तर 'नाताळला एक ख्रिस्ती' अशी जाहिरातच चालवली. आणि १९६० साली 'द अॅडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग' हा संग्रह निघाला. त्यातल्या मुख्य कथेत थंडीला भिणारा पाय्‌रो खेड्यातल्या वाड्यावर जायला कबूल होतो ते तिथे घर उबदार ठेवणारी नवी यंत्रे आहेत म्हणून. घरातली मुले त्याची गंमत करण्यासाठी बर्फात लटकाच खून रचतात. आणि खरे रत्न निघते ते पक्वान्नात. भलत्याच्या नादी लागलेली मुलगीही वेळीच सावरते. पुस्तकाच्या आरंभी बाईंनी अॅब्नी हॉलच्या नाताळाची आठवण जागवली आहे.

या गोष्टींची घडण पाहिली तर आपल्याला ती परकी वाटू नये. देवलांचे 'संशयकल्लोळ' आपण सर्वांनी पाहिले आहे. निरपराध माणसांवर संशय बसतो, प्रेम अडते, गैरसमज वाढत जातात, आणि गाठ सुटली की सगळे हसतात. त्यात एक प्रेत घाला, की झाली इंग्रजी रहस्यकथा. खुनी सापडणे म्हणजे बाकीचे सगळे निर्दोष ठरणे. आणि निर्दोष ठरले की लग्नाला आडकाठी राहत नाही. महायुद्धात ज्यांच्या घरची माणसे कोणी का मारली याला उत्तरच नव्हते, त्या पिढीला प्रत्येक मरणाला एक कारण आणि एक उत्तर असलेली गोष्ट सणाला हवीशी वाटली, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. विनोद आणि प्रेम ही त्या गोष्टीला चिकटवलेली झालर नव्हे. संशय फिटल्यावर घर पुन्हा घर होते, हे सांगण्याची ती रीत आहे.

बाई १९७६ साली जानेवारीत वारल्या. पुढच्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. भले जाडजूड पुस्तक आहे. टॉर्कीचे समुद्रस्नान आहे, अॅब्नीचे नाताळ आहेत, ती घाईची लग्नघटिका आहे, खिशात विष बाळगणारा औषधविक्रेता आहे. १९२६ च्या वेदनेचाही उल्लेख आहे. पण त्या अकरा दिवसांविषयी एक अक्षर नाही. आयुष्यभर वाचकाला शेवटच्या प्रकरणात सारे उलगडून सांगणाऱ्या लेखिकेने आपले स्वतःचे शेवटचे प्रकरण मिटून ठेवले. अभ्यासक अजून त्यावर तर्क लढवीत आहेत, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तो मोह मलाही होतो. पण मेजवानीच्या घरी सगळ्या खोल्या पाहुण्यांसाठी उघड्या असल्या, तरी एखादी खोली यजमानीण आपल्यापुरती बंद ठेवते. तिचे दार ठोठावू नये, एवढा रिवाज आपल्याकडेही आहे.

 घरी जाताना ग्रंथालयात डोकावलात, तर वर सांगितलेल्यापैकी काही पुस्तके तेथे मिळतील. खुनी कोण ते मी एकाही पुस्तकाबाबत सांगितलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.